पॉलिश केलेल्या अलॉय चाकांवरचे ओरखडे घरी काढता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी रत्नागिरीत असते, चाकं चकचकीत अलॉयची आहेत, डावीकडची दोन्ही फुटपाथच्या कडेला घासली. कडेला ओरखडे आहेत आणि एका ठिकाणी कोटिंगखाली पांढरट धागे पसरायला लागलेत. घरी पॉलिश पेपरने घासून वर क्लिअर स्प्रे मारला तर चालेल का, आणि पुढे चमक कशी टिकवायची?

घासण्याआधी एक गोष्ट नक्की करा: तुमच्या चाकावर वरचा थर कसला आहे? चकचकीत दिसणारं चाक तीनपैकी एका प्रकारचं असतं आणि तिघांचा उपाय वेगळा आहे. पहिलं, उघडं ॲल्युमिनियम घासून आरसा केलेलं. दुसरं, चकचकीत धातूवर पारदर्शक लॅकर असलेलं. तिसरं डायमंड कट, आणि हे खरं तर दुसऱ्याचंच भावंड. याचा दर्शनी भाग लेथवर कापलेला असतो, खोलगट भाग काळा किंवा करडा रंगवलेला असतो आणि सगळ्यावर लॅकर असतं. आपल्याकडे कंपनीतून येणारी दोन रंगांची अलॉय बहुतेक याच प्रकारची. उन्हात तिरकं बघितलं तर जुन्या सीडीवर असतात तशा बारीक गोलाकार रेघा दिसतात. हाताने घासून या रेघा परत आणता येत नाहीत, कुणालाच नाही.

ओळखायची पद्धत सोपी आहे. चाक आधी शाम्पूने स्वच्छ धुऊन कोरडं करा, नाहीतर ब्रेकची काजळी कापडावर येऊन फसवेल. मग दोन आऱ्यांच्या मधली, सहज न दिसणारी जागा निवडा. पांढऱ्या सुती कापडावर वाटाण्याएवढी मेटल पॉलिशची पेस्ट घेऊन अर्धा मिनिट चोळा. कापड काळं पडलं तर तो धातू उघडा आहे. पांढरंच राहिलं तर वर लॅकर आहे. क्वचित, विशेषतः फोर्ज्ड (ओतून नव्हे, दाबून घडवलेल्या) चाकांच्या कडांवर, ॲनोडायझिंग म्हणजे धातूवरच मुद्दाम वाढवलेला कडक ऑक्साइडचा थर असतो आणि तेव्हाही कापड पांढरंच राहतं. तो थर घरी काढायच्या फंदात पडू नका.

तुमच्याकडे कोटिंगखाली पांढरे धागे आहेत, म्हणजे लॅकर आहेच आणि ते फुटलंय. तरीही उघड्या धातूचं काम आधी सविस्तर सांगतो. ज्यांची चाकं खरंच पॉलिश केलेली आहेत त्यांना ते लागेल, आणि तुम्ही पुढे लॅकर पूर्ण उतरवून घ्यायचं ठरवलंत तर तुम्हालाही तेच करावं लागेल.

त्याआधी सुरक्षेचं. दिसण्यासाठीची दुरुस्ती फक्त बाहेरच्या कडेपुरती आणि साधारण १ मिमी खोलीपर्यंतच करा. आरा, नटांच्या भोकांभोवतीचा भाग आणि टायर जिथे बसतं ती बीडची जागा यांवर कानस चालवायची नाही. चाक उतरवून आतली बाजू धुवा आणि टॉर्च तिरकी धरून पूर्ण गोल तपासा. फुटपाथचा किंवा खड्ड्याचा दणका बसला की तडा बरेचदा आतल्या कडेला जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. टायर ३५ पीएसआयपर्यंत भरून कडेवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर आधी टायरवाल्याकडे जा, चमकेचं नंतर बघू. शंका उरली तर फॅब्रिकेशनवाल्यांकडे डाय पेनेट्रंटचा, म्हणजे तड्यात शिरणाऱ्या लाल रंगाचा, स्प्रे असतो. तडा असेल तर त्यावर नंतर मारायच्या पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उमटते. तडा गेलेलं चाक भंगारात द्या. ओतीव चाकाला उष्णता देऊन मुद्दाम ताकद आणलेली असते आणि वेल्डिंगच्या आजूबाजूला ती ताकद जाते. वाकलेली कड हातोड्याने ठोकून सरळ करणारे भेटतील. मी त्यांच्याकडे चाक देणार नाही.

चाक उतरवताना जमीन सपाट आणि टणक हवी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड किंवा पाचर लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा, मग जॅक लावा. काम चालू असताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. स्टेपनी बसवून गाडी खाली उतरवा आणि उतरवलेलं चाक जुन्या चादरीवर किंवा जुन्या टायरवर आडवं ठेवून निवांत काम करा.

टायर काढलं तर उत्तमच. नाही काढलं तर हवा सोडा, टायर थोडं आत दाबा आणि टायर व कड यांच्या फटीत पत्त्यांच्या जुन्या कॅटमधली पानं एकावर एक चढवत पूर्ण गोल खोचा. मास्किंग टेपपेक्षा ही युक्ती जास्त कामाची, कारण पत्ता कडेच्या खाली सरकतो आणि घासताना टायरचं रबर वाचतं. हवा सोडलेलं चाक पुन्हा भरताना बीड, म्हणजे टायरची चाकावर टेकणारी कड, सगळीकडे सारखी बसली आहे का, तेही बघा.

आता घासणं. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर पेपर लागणारच नाही, नुसत्या पॉलिशने भागेल. जेमतेम अडकत असेल तर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करा. खरखरीत धार वर आली असेल आणि धातू उकरला गेला असेल, तर बारीक दातांच्या अर्धगोल कानशीने ती धार आधी उतरवा. कानस कडेच्या गोलाईबरोबर चालवा, आडवी नको. ॲल्युमिनियम मऊ असल्याने ते कानशीच्या दातांत भरतं आणि तो अडकलेला कण पुढच्याच फटक्याला नवी खोल रेघ पाडतो. म्हणून कानशीवर आधी पांढरा खडू घासून घ्या. खडूची पूड दातांत बसली की धातू चिकटत नाही. दर आठ-दहा फटक्यांनी पितळी ब्रशने दात झाडा आणि पुन्हा खडू लावा.

त्यानंतर पेपरचा क्रम २४०, ४००, ६००, ८००, १०००, १५००, २००० असा. खोल उकरलं नसेल तर २४० ला हातही लावू नका, कारण त्याच्या रेघा काढण्यातच निम्मी मेहनत जाते. पेपर दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा आणि बादलीत भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. सपाट भागावर पेपर रबरी ठोकळ्याला गुंडाळा, गोलाईवर जुन्या रबरी नळीच्या तुकड्याला. नुसत्या बोटाने दाबलं की बोटाएवढी खोबण पडते आणि पॉलिश झाल्यावर ती लाटेसारखी चमकते. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटीमीटर जास्त घासत जा म्हणजे खड्डा वाटणार नाही.

प्रत्येक नंबरला दिशा बदला: ४०० गोलाईबरोबर, तर ६०० तिरकं. दिशा बदलली की मागच्या पेपरची रेघ उरली आहे का ते लगेच दिसतं. आणखी खात्री हवी असेल तर नंबर बदलण्याआधी त्या जागेवर मार्करने फिकट जाळी काढा. जाळी सगळीकडून सारखी गेली तर पुढे जा, कुठे शाई राहिली तर ती जागा खोलगट आहे. आणि नंबर बदलताना बादलीचं पाणी फेका, चाक धुवा, हात धुवा. २४० चा एक कण जरी उरला तरी १५०० च्या वेळी तो रेघ मारतो आणि तुम्हाला मागे जावं लागतं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. पेपर चांगला असतो, हातही चांगला असतो, बादली तीच असते.

कोरडं घासू नका. ॲल्युमिनियमची बारीक धूळ फुप्फुसांना वाईट आणि पेट घेणारीही. ती साठलेली असेल तिथे लोखंडावर ग्राइंडर चालवायचा नाही. लोखंडावर वापरलेला पेपर, स्टील वूल, तारेचा ब्रश यातलं काहीही चाकावर नको. लोखंडाचे कण मऊ धातूत रुततात आणि पहिल्या पावसात तिथे गंजाचे ठिपके उठतात.

घासताना मध्येच टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसायला लागले तर थांबा. ती ओतकामातली सच्छिद्रता असते. ओतीव चाकाचा वरचा थर घट्ट असतो, त्याखाली बारीक पोकळ्या असू शकतात. जास्त घासाल तर ठिपके कमी न होता वाढतील.

२००० नंतर पॉलिश. ड्रिलला लावायचा सुती बफ किंवा फोमचा गोळा घ्या, वेग मिनिटाला दीड-दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवा आणि ऑटोसॉलसारखी ॲल्युमिनियमला चालणारी पेस्ट थोडी थोडी लावा. तळहाताएवढ्याच भागावर काम करा. पेस्ट काळी पडेल, ते बरोबरच आहे. ती वाळू मात्र देऊ नका. धातू हाताला चटका बसेल इतका तापला तर बफ उचला, नाहीतर काळपट पट्टे उमटतात. एकदा कापणाऱ्या पेस्टने, मग बफ बदलून बारीक पेस्टने. एकाच बफवर दोन पेस्ट कधीच नाही. शेवटी जी काळपट चिकट झाक राहते ती कापडाने नुसती फिरत राहते. त्यावर कोरडं कॉर्नफ्लोअर भुरभुरवून स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा, तेलकटपणा त्यात शोषला जातो. हा ट्रक पॉलिश करणाऱ्यांचा जुना उपाय आहे आणि अजून त्याच्याइतका स्वस्त दुसरा मला माहीत नाही.

आता तुमच्या क्लिअर स्प्रेच्या प्रश्नाचं उत्तर: आरशासारख्या पॉलिश धातूवर कॅनमधला क्लिअर मारू नका. लॅकरला धरायला खरबरीत पृष्ठभाग लागतो. आरशावर त्याला पकड मिळत नाही, आणि पकड यावी म्हणून धातू खरवडला तर तुम्ही केलेली चमक गेली. कारखान्यात धातूवर आधी रासायनिक प्रक्रिया करतात, मग लॅकर भट्टीत पक्कं करतात. घरी मारलेला थर एक-दोन पावसाळ्यांत कडेपासून सुटतो आणि त्याखाली पाणी शिरलं की तुम्ही आत्ता बघताय तेच पांढरे धागे पुन्हा सुरू होतात. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यातल्या दमटपणात क्लिअर फवारलं तर ते दुधी पडतं. उघडा धातू उघडाच ठेवा आणि वर सीलंट, म्हणजे मेणासारखा पुसून लावायचा संरक्षक थर, लावा. त्यात मेहनत आहे, पण बिघडलं तर अर्ध्या तासात पुन्हा पॉलिश करता येतं. सुटलेलं लॅकर मात्र सगळंच उतरवावं लागतं.

त्या पांढऱ्या धाग्यांचं कारणही समजून घ्या. ओलं लॅकर तीक्ष्ण कडेवरून मागे ओढलं जातं, त्यामुळे जिथे मार बसतो नेमका तिथेच थर सगळ्यात पातळ असतो. फुटपाथने ती कड फोडली की खारं पाणी आत जातं आणि गंज लॅकरखालून पुढे सरकत जातो. वरून पॉलिश करून तो थांबत नाही, कारण तो पॉलिशच्या हाताखाली नसतोच. वरचं सैल लॅकर पूर्ण काढून, पांढरा भाग स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासल्याशिवाय उपाय नाही.

मग लॅकरवाल्या किंवा डायमंड कट चाकाचं काय करायचं? ओरखडा फक्त लॅकरमध्ये असेल, म्हणजे पाणी लावल्यावर दिसेनासा होत असेल, तर ३००० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने आणि मग रबिंग कंपाउंडने तो जातो. थर काही दशांश नव्हे, काही शतांश मिलिमीटरचा असतो. त्यामुळे चार-सहा हात फिरवून बघत बघत जा. ओरखडा धातूपर्यंत गेला असेल तर तीन रस्ते उरतात.

पहिला, तात्पुरता. धार उतरवा, ४०० ने घासा, खड्ड्यात ॲल्युमिनियमची पूड असलेला दोन भागांचा इपॉक्सी भरा, चोवीस तासांनी ४०० ते ८०० ने समतल करा, ॲल्युमिनियमला चालणारा एचिंग प्रायमर (धातूला घट्ट धरणारा खालचा थर), मग सिल्व्हर, मग क्लिअर. प्रत्येकाचे दोन-तीन पातळ हात द्या, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. इथे खाली प्रायमर असल्याने क्लिअर धरतं. उभं राहून बघितलं तर लपतं, बसून बघितलं तर कळतं. गाडीच्या बॉडीला भरतात ती लांबी (पुट्टी) चाकात भरू नका. उष्णतेने आणि धक्क्यांनी ती कडेला टिकत नाही. आणि इपॉक्सी कधीच चमकत नाही, त्यामुळे उघड्या पॉलिश चाकात तो भरायचाच नसतो. हार्डनर मिसळायचं क्लिअर असेल तर ते बंद जागेत, साध्या कापडी मास्कवर फवारू नका. त्यातलं आयसोसायनेट दमा लावू शकतं.

दुसरा रस्ता, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथवर पुन्हा डायमंड कट. यात जुना थर उतरवून, रंगाचा भाग रंगवून, मशीन चाकाचा आकार मोजतं आणि दर्शनी भागावरून मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश कापतं. धातू दर वेळी कमी होतो, म्हणून एका चाकाला हे एकदा, फार तर दोनदा. चाक वाकलेलं असेल तर कट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ येतो. असं चाक ज्या दुकानाने न बघता घेतलं ते टाळा. टायर काढून करता का, जुनं लॅकर रसायनाने उतरवता का, भट्टीचं तापमान किती, हे विचारा. पावडर कोट, म्हणजे कोरडी पूड फवारून भट्टीत वितळवलेला रंग, साधारण १८० ते २०० अंशांना पक्का होतो. त्यापेक्षा जास्त किंवा पुन्हा पुन्हा भाजलं तर चाकाची ताकद घटते.

तिसरा, आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांना मी हाच सुचवेन: चमक सोडा आणि चारही चाकं एका रंगात, गनमेटल किंवा सिल्व्हर, पावडर कोट करून घ्या. पावडरचा थर जाड असतो, कड बऱ्यापैकी झाकतो, आणि पुढचा ओरखडा बसला तरी तेवढीच जागा रंगवून घेता येते.

देखभालीत कोकणासाठी सगळ्यात मोठा शत्रू मीठ आहे. किनाऱ्यावर गाडी नेली तर त्याच दिवशी साध्या पाण्याने चाकं आतून-बाहेरून धुवा, पण ब्रेक गार झाल्यावरच. ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचे तापलेले कण. ते चिकटून बसतात. महिन्या-दीड महिन्यातून एकदा आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे कण विरघळवणारं द्रव, थंड, कोरड्या चाकावर फवारा, जांभळा रंग सुटेल, तीन-चार मिनिटांत, वाळायच्या आत, धुऊन टाका. एरवी गाडीचाच शाम्पू वापरा, चाकांची बादली आणि कापड मात्र वेगळं ठेवा. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, धुण्याचा सोडा, हिरवी घासणी: सगळं बंद. ॲल्युमिनियमला आम्लही खातं आणि सोडाही खातो. वॉशिंग सेंटरला गाडी दिली की तिथल्या पोऱ्याला आधीच सांगा की चाकांना ड्रममधलं केमिकल मारायचं नाही, नुसता शाम्पू. उघड्या धातूच्या चाकांना दोन महिन्यांतून एकदा हलकं पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिंथेटिक सीलंटचा हात. पावसाळा लागायच्या आधी, मे अखेरीला, एक हात जास्तीचा द्या.

बरंचसं नुकसान टायरच्या दुकानात होतं, हेही लक्षात ठेवा. मशीनच्या डोक्याला आणि जबड्यांना प्लास्टिकचे कव्हर आहेत का बघा, नसतील तर काम सुरू होण्याआधी बोला. बॅलन्सिंगला कडेवर ठोकायची क्लिपची वजनं नाकारा. ती लॅकर फोडतात आणि तिथून गंज सुरू होतो. आतून चिकटवायची वजनं मागा. नट एअर गनने आवळू देऊ नका. जाड सॉकेट नटांच्या खोलगट भागातला रंग सोलून काढतं. बसवण्याआधी हबचा (चाक गाडीला ज्यावर बसतं त्या भागाचा) गंज तारेच्या ब्रशने साफ करून घ्या, हबच्या मधल्या गोल कडेवर ग्रीसचा अगदी पुसट हात चालेल, नटांच्या आट्यांवर अजिबात नाही. नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळा आणि शेवट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, करा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. बहुतेक लहान-मध्यम गाड्यांना तो ८५ ते १३० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो. ऐंशी-शंभर किलोमीटर गाडी चालली की चाकं गार असताना तोच पाना पुन्हा एकदा लावून बघा, विशेषतः चाकं पावडर कोट करून आणली असतील तर. नटांखाली नवा थर असेल तर तो दबून बसतो आणि नट सैल होतात. खरं तर नट जिथे टेकतो त्या बसकीवर पावडर नसायलाच हवी. दुकानाला आधीच सांगा की नटांची बसक आणि हबला टेकणारी मागची बाजू टेप लावून कोरी ठेवा.